मुलाकडे जाऊ की सड्यावरच बसू?

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीजवळच्या गावात राहतो, वय ६३. आषाढात बायको गेली. मुलगा पुण्याला असतो, रोज फोन करतो, बाबा इकडे या म्हणतो. पण मला माणसंच नको वाटतात. रोज सकाळी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जाऊन बसतो, आता पाऊस जरा उघडलाय, कातळावर सीतेची आसवं फुललीत, तेवढा वेळ बरं वाटतं. फुलं काही विचारत नाहीत. मुलाचा फोनसुद्धा कधीकधी उचलत नाही. माझं चुकतंय का?
- एक वाचक

उत्तर : काका, सड्यावर जाता त्यात काहीच चूक नाही, जात राहा. निसर्गाने खरंच बरं वाटतं. १९८४ साली रॉजर उलरिक यांचा एक अभ्यास आला होता, अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ज्या पेशंटना खिडकीतून झाडं दिसायची ते समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक पेनकिलरही कमी लागल्या.

पण २००६ चा अजून एक प्रयोग आहे, जेम्स कोन आणि सहकाऱ्यांचा. १६ विवाहित बायकांना एमआरआय मशीनमध्ये ठेवून आता शॉक बसणार अशी भीती घातली, तेव्हा अनोळखी माणसाने हात धरला तरी मेंदूतली भीती थोडी उतरली, पण नवऱ्याने धरला तेव्हा जास्त.

माझे वडील गेले ते पावसातच. घरात सगळं दमट, गोधड्यांना कुबट वास. श्रावणात ऊन पडलं की किती हायसं वाटायचं! पण त्या गोधड्या उचलून अंगणात टाकायची ती शेजारची काकू, आणि सर आली की धावत येऊन गोळा करायची पण तीच. ऊन त्याच्या वेळेला यायचं, काकू आमच्या वेळेला यायची. मला तर काकूच जास्त आठवते.

फुलं विचारत नाहीत, कारण त्यांना काकी माहीत नव्हत्या. मुलाला माहीत आहेत, त्याची तर आई गेलीय काका, आणि तो पुण्यात कुठल्या सड्यावर जाऊन बसणार? लगेच पुण्याला जाऊ नका, मन नसेल तर नकोच. त्यालाच दोन दिवस गावी बोलवा. सकाळी सोबत वर न्या, कातळावर शेजारी बसवा, आणि आधीच सांगून ठेवा की बाबा रे, बोलायचं नाही, नुसतं बस.