दुकानदार म्हणतो ‘भंगारात द्या’, देऊ का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ७१ वर्षांचा, ठाण्यात नौपाड्याला राहतो. २०१७ साली घेतलेला डेस्कटॉप आहे, आय५ ७४००, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सोसायटीचा सेक्रेटरी आहे त्यामुळे मीटिंगची इतिवृत्तं, मेंटेनन्सचा हिशोब सगळं त्याच्यावर, शिवाय बँकेचं काम आणि रविवारी नातीशी व्हिडिओ कॉल. मध्यंतरी स्क्रीनभर मेसेज आला की विंडोज १० चा सपोर्ट संपला. आता बँकेची साइट पण उघडत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही असं म्हणते. मशीन चालू व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. स्टेशनजवळचा दुकानदार म्हणाला हे सगळं विंडोज १० मुळे होतंय, भंगारात द्या आणि नवीन घ्या. खरंच द्यावा लागेल का? घड्याळही जुनी तारीख दाखवतं, पण ते काही तेवढं महत्त्वाचं नाही.

उत्तर : काका, देऊ नका. आणि तुम्ही जे शेवटी ‘महत्त्वाचं नाही’ म्हणून लिहिलंत ना, तिथूनच सुरुवात करूया, कारण बँकेची साइट बहुतेक त्यामुळेच उघडत नाहीये. मदरबोर्डवर (कॉम्प्युटरच्या आतला मुख्य सर्किट बोर्ड) एक रुपयाच्या नाण्याएवढी गोल चपटी बॅटरी असते, सीआर२०३२ नावाची, कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ तीच चालू ठेवते. आठ-नऊ वर्षांत ती संपतेच. ती संपली की मशीनची तारीख मागे जाते, आणि बँकेच्या साइटचं जे सर्टिफिकेट असतं, म्हणजे साइट खरी असल्याचा दाखला, ते ठरावीक तारखांपुरतंच वैध असतं, मग तुमच्या मशीनला वाटतं की हे तर अजून सुरूच झालेलं नाही, आणि ते साइट अडवतं. घड्याळाच्या दुकानात सुद्धा ही बॅटरी मिळते. मेन स्विच बंद करून, वायर काढून बदलायची आणि मग तारीख-वेळ नीट लावायची, बस.

आता विंडोज १० चं. मेसेज खोटा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे फुकट अपडेट थांबले. मशीन त्या दिवशी बंद पडत नाही, पण नवीन सापडलेली सुरक्षेतली भोकं बुजवली जात नाहीत, आणि ज्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकता तिथे हे चालवून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण घरगुती मशीनसाठी मायक्रोसॉफ्ट कंपनीने एक वर्षाची वाढीव सोय ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. सेटिंग्जमध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’त विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायची लिंक दिसते. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवायला हो म्हटलंत तर पैसे लागत नाहीत, नाहीतर मग तीस डॉलरचा किंवा रिवॉर्ड पॉइंट्सचा पर्याय आहे. फुकटवाला घ्या, फक्त तिथे डॉक्युमेंट्स, फोटो वगैरे फोल्डर सिंक करू का असं विचारलं तर नाही म्हणा, कारण फुकट जागा ५ जीबीच असते, नातीच्या फोटोंनी ती दोन दिवसांत भरेल आणि मग जागा विकत घ्या असे मेसेज सुरू होतील.

विंडोज ११ तुमच्या मशीनवर रीतसर जाणार नाही. आय५ हा तुमचा प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू. त्याच्या पुढचा आकडा ७४००, त्यातला पहिला ७ म्हणजे सातवी पिढी, आणि विंडोज ११ साधारण आठव्या पिढीपासून पुढेच चालते. (दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे बघायचे, १०४०० म्हणजे दहावी, हे बाकीच्यांसाठी.) कोणीतरी म्हणेल मी जुगाड करून टाकून देतो. टाकता येते हे खरं, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, म्हणजे ज्या कारणासाठी एवढा खटाटोप केला तेच हातात राहत नाही. तुमच्या कामासाठी नको.

पाच-सात मिनिटं लागतात त्याला कारण ती फिरणारी हार्ड डिस्क, विंडोज नव्हे. विंडोजसाठी तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी (फिरणारा भाग नसलेली वेगवान डिस्क) लावून घ्या, २५६ जीबीची सुद्धा पुरेल, आणि जुनी डिस्क फाइली ठेवायला आतच राहू दे. बदल इतका असतो की घरातल्यांना नवीन मशीन आणलं असंच वाटतं. दुकानदाराला ‘फॉर्मॅट मारा’ असं म्हणू नका, ‘आहे तशी विंडोज क्लोन करून (हुबेहूब नक्कल करून) एसएसडीवर घ्या’ असं सांगा.

आणि त्याआधी बॅकअप, हे मी हात जोडून सांगते. माझ्या सासऱ्यांचं मशीन असंच एकाकडे दिलं होतं, त्याने विचारलं ‘डी ड्राइव्हमध्ये काही आहे का’, सासरे म्हणाले ‘नाही, माझं सगळं बाहेरच आहे’. बाहेर म्हणजे डेस्कटॉपवर. आणि डेस्कटॉपवर दिसणारी फाइल असते सी ड्राइव्हमध्येच, जो फॉर्मॅटमध्ये पहिला जातो. सासूबाईंच्या षष्ठ्यब्दीचे सगळे फोटो गेले, ते परत मिळाले नाहीत. म्हणून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे चारही फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, दुसऱ्या मशीनवर लावून दोन-चार फाइली खरंच उघडून बघा, मगच मशीन घराबाहेर जाऊ द्या.

तुमची जुनी इतिवृत्तं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतील तर आणखी एक काम आहे. हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे आकार बसवतात, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती फाइल उघडली की निव्वळ इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसतो. फॉन्टच्या फाइली पण बॅकअपमध्ये घ्या, आणि सवडीने हे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, बदलून ठेवा, तुमच्यानंतर जो सेक्रेटरी येईल त्याला ते वाचता आलं पाहिजे.

ऑक्टोबर २०२६ नंतर काय? तोपर्यंत एका पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) घालून बघा. पेन ड्राइव्हवरूनच चालतं, आतल्या विंडोजला हात न लावता. बँक, व्हिडिओ कॉल, लिब्रे ऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये मराठी टायपिंग, प्रिंटर, हे तुमचं रोजचं सगळं आठवडाभर करून बघायचं. प्रिंटर नक्की बघा, काही जुन्या लेझर प्रिंटरचं लिनक्सशी अजिबात जमत नाही. जमलं तर मशीन आणखी काही वर्षं आरामात चालेल, मिंटच्या २२ आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. नाहीच जमलं तर मग आठव्या किंवा पुढच्या पिढीचा एखादा वापरलेला ऑफिसचा डेस्कटॉप बघा. तुमच्या कामाला कोरा करकरीत लागतच नाही.

प्रश्न : ऐरोलीत राहते. २०२० मध्ये असेंबल केलेला पीसी आहे, एएमडीचा रायझन ५ ३४००जी. प्रोसेसर चालतो असं सगळे म्हणतात पण मायक्रोसॉफ्टचं हेल्थ चेक अ‍ॅप सांगतं की विंडोज ११ चालणार नाही, टीपीएम नाही.

उत्तर : टीपीएम, म्हणजे मशीनमधली सुरक्षेची सोय, आहे, बंद आहे. असेंबल केलेल्या बऱ्याच मशीनमध्ये हे असंच निघतं. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणारी मशीनची सेटिंग्ज) जाऊन ‘एफटीपीएम’ नावाचं सेटिंग चालू करा (इंटेलच्या बोर्डवर त्याला पीटीटी म्हणतात). मग विंडोजमध्ये रन उघडून टीपीएम डॉट एमएससी (tpm.msc) टाका, तिथे २.० दिसलं की एक काम झालं.

दुसरी अडचण बहुतेक सिक्युअर बूटची (मशीन चालू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) येईल, कारण पुष्कळ जण विंडोज टाकताना जुन्या लेगसी पद्धतीने टाकतात. इथे क्रम चुकवू नका. आधी बॅकअप, मग विंडोज १० मध्येच असलेल्या एमबीआर२जीपीटी या टूलने डिस्कची मांडणी बदलून घ्यायची, त्यात आधी नुसतं तपासून बघायची सोय आहे ती वापरा, आणि त्यानंतरच बायोसमध्ये सीएसएम (जुन्या लेगसी पद्धतीने सुरू व्हायची सोय) बंद करून सिक्युअर बूट चालू करायचं. सीएसएम आधी बंद केलंत तर विंडोज सुरूच होणार नाही आणि घाबरायला होईल, तसं झालं तर ते परत चालू करा, काही गेलेलं नसतं. हे सगळं जमलं आणि तुमची विंडोज १० लायसन्सवाली असेल, तर विंडोज ११ फुकट मिळते, लायसन्स वेगळं घ्यावं लागत नाही.

प्रश्न : कोपरखैरणेला राहतो, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. नवीन लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. सीनियर म्हणतात विंडोज उडव, लिनक्स टाक.

उत्तर : उडवू नकोस. पहिल्या वर्षी ड्रॉइंगला ऑटोकॅड लागलं तर ते लिनक्सवर चालत नाही. लिनक्स शिकायचंच आहे तर विंडोजच्या आतच डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) चालू कर, पहिली दोन वर्षं पुरेल. डिस्कचे दोन भाग करून दोन्ही ठेवायचं ठरवलंस तर आधी एक गोष्ट बघ, नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. बायोसमध्ये काही बदललं की विंडोज ते कुलूप उघडायला ४८ आकडी रिकव्हरी की मागते, आणि ती नसेल तर डेटा कोणीही काढून देऊ शकत नाही. तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती की आहे का ते आजच बघ आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव. त्याच लॅपटॉपमध्ये नको, वहीतच.