मचूळ विहीर, गोडं पाणी आणि विक्रेत्याचा सल्ला

प्रश्न: किनाऱ्यालगतची विहीर मचूळ झाली आहे. समुद्राचं पाणी गोडं करून भाजीपाला आणि लिंबूवर्गीय बागेला देता येईल का? विक्रेता सॉफ्टनर घ्या म्हणतो. उन्हावर चालणारी काचेची पेटी चालेल का?

उत्तर: सॉफ्टनर घेऊ नका. मचूळ पाण्याच्या शेतांवर हाच प्रकार पुन्हा पुन्हा पाहतो. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस येतो, पण क्षार तेवढेच राहतात आणि जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी होते. चुंबकाच्या पट्ट्यांनीही मीठ जात नाही. विक्रेत्यासमोरच ईसी मीटर (पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षार दाखवणारं उपकरण) धरा, यंत्रात जाणाऱ्या पाण्यात आणि बाहेर येणाऱ्या पाण्यातही. आकडा खाली आला नाही तर व्यवहार तिथेच थांबवा.

काचेच्या पेटीत उन्हाने पाण्याची वाफ होते आणि तिचं गोडं पाणी जमतं, पण चौरस मीटरला दिवसाला 3 ते 5 लिटरच. एका एकराला रोज 5 मिलिमीटर द्यायचं तर 20,000 लिटर लागतात. म्हणजे एकरभर पिकासाठी एकरभर किंवा त्याहून जास्त काच! घरच्या पिण्यापुरती पेटी ठीक आहे.

राहिला आरओ, म्हणजे दाबाने पाणी बारीक पडद्यातून ढकलून क्षार मागे ठेवणारं यंत्र. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे 55 ते 70 बार दाब लागतो. मोठ्या प्रकल्पांनाही हजार लिटरमागे 3 ते 4 युनिट वीज जाते, छोट्या संचाला त्याहून जास्त. शिवाय निम्म्याहून जास्त पाणी दाट खारं होऊन परत येतं. ते विहिरीत, ओढ्यात किंवा बांधाला सोडायचं नाही. म्हणून समुद्राच्या मागे लागू नका. मचूळ विहिरीचं पाणी बरंच कमी दाबात गोडं होतं.

आता खरी मेख. आरओचं पाणी निव्वळ गोडं असतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक जवळपास नसतात. समुद्राच्या पाण्यातला बोरॉन मात्र पडद्यातून थोडा निसटतो आणि लिंबूवर्गीय झाडांना तो लवकर बाधतो: जुन्या पानांची टोकं आधी पिवळी पडतात, मग करपतात. विक्रेता त्यालाच 'कमतरता' म्हणून सूक्ष्मअन्नद्रव्याची बाटली देतो, त्यातही बोरॉन! पाणी आणि पान तपासल्याशिवाय बाटली उघडू नका. मॅग्नेशियमही अंदाजाने ओतू नका. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच टाकीत कधीच नाही. साका बसतो, ठिबकची भोकं बुजतात.

माझा आग्रह पाणी मिसळण्याचा आहे. आरओचं 0.4 ईसीचं तीन भाग आणि विहिरीचं 3 ईसीचं एक भाग घेतलं, तर मिश्रण साधारण 1 ईसीला येतं. यंत्र लहान पुरतं आणि विहिरीच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियमही कामी येतं. शेततळ्यात पावसाचं पाणी असेल तर मिसळायला आधी तेच वापरा. विहिरीचा उपसाही कमी करा. जास्त उपशाने समुद्राचं पाणी आणखी आत येतं.

ठिबक धुण्याचं क्लोरीन आरओतून बाहेर आलेल्या पाण्यात सोडा. आधी सोडलं तर पडदा जळतो. 'जरा जास्त टाका' हा सल्ला तर मुळीच ऐकू नका.

अनुदान हवं असेल तर खरेदीआधी कृषी कार्यालयात विचारा, बिल झाल्यावर नको.

नमुना घेताना पंप अर्धा तास चालू द्या आणि पाणी प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत भरा. काचेतून बोरॉन उतरू शकतो. ईसी, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बोरॉन, पाचही तपासून घ्या. अहवाल हाती आल्यावरच यंत्राचं बोलू.