वाचकांचे प्रश्न : कप्पीतून वळणारा स्नायू

प्रश्न : एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. ‘एलआर सहा, एसओ चार, बाकी तीन’ हे डोळ्याच्या स्नायूंच्या नसांचं सूत्र पाठ आहे. पण सुपीरिअर ऑब्लिक (एसओ) हा स्नायू डोळा ‘खाली आणि बाहेर’ (कानाकडे) नेतो असं पुस्तकात आहे, आणि तो तपासताना सर रुग्णाला ‘नाकाकडे बघा, आता खाली’ असं सांगतात. दोन्ही कसं खरं? (विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : दोन्ही खरं आहे. सूत्र फक्त नस कोणती ते सांगतं. लॅटरल रेक्टसला (एलआर, डोळा बाहेर नेणारा स्नायू) मेंदूतून निघणारी सहावी नस, सुपीरिअर ऑब्लिकला चौथी, उरलेल्यांना तिसरी. स्नायू काय करतो हे डोळा त्या वेळी कुठे वळलेला आहे यावर ठरतं, आणि ते कळायला आकृतीपेक्षा कवटी बरी. डोळ्याच्या खोबणीची आतली (नाकाकडची) भिंत जवळपास सरळ मागे जाते, बाहेरची भिंत तिच्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन करते. त्यामुळे खोबणीचा अक्ष साधारण २३ अंश बाहेर कललेला, आणि आपण बघतो मात्र नाकासमोर. सगळा घोळ इथून सुरू होतो.

सुपीरिअर ऑब्लिक निघतो खोबणीच्या मागच्या टोकाशी, पण ओढतो पुढून. वरच्या आतल्या कोपऱ्यात कूर्चेची एक कप्पी असते, ट्रॉक्लिआ. (चौथ्या नसेचं ‘ट्रॉक्लिअर’ हे नाव हिच्यावरूनच.) स्नायूचा कंडरा (दोरीसारखं टोक) तिच्यातून वळून मागे फिरतो आणि नेत्रगोलाच्या वरच्या, बाहेरच्या, मागच्या भागावर चिकटतो. ओढ नेहमी कप्पीच्या दिशेने, म्हणजे समोर बघताना नजरेच्या रेषेशी ५१ अंशांच्या आसपास.

हे हातानं करून बघा. एक मोसंबं तेलाचं बोट लावलेल्या वाटीत ठेवा. हा तुमचा उजवा डोळा, तुम्ही त्याच्या मागे बसला आहात. तुमच्यापासून लांबच्या बाजूला पेनानं बाहुली काढा. वरच्या अंगाला, मध्यापेक्षा थोडं तुमच्याकडे आणि उजवीकडे टाचणी खुपसा, तिला दोरा बांधा आणि पुढे-डावीकडे, म्हणजे नाकाच्या बाजूला, ओढा. बाहुली खाली जाते, जराशी बाहेर सरकते आणि मोसंबं नाकाच्या अंगाला गरकन वळतं. पुस्तकातलं वाक्य ते हेच. आता बाहुली आधीच ५० अंश नाकाकडे फिरवून ओढा: ती सरळ खाली. बाहेर फिरवून ओढा: खाली जवळजवळ जातच नाही, नुसती गोल फिरते.

सरांच्या सूचनेमागे आणखी एक कारण आहे. डोळा खाली नेणारा दुसरा स्नायू इन्फीरिअर रेक्टस. त्याचा जोर डोळा २३ अंश बाहेर वळलेला असताना सर्वांत जास्त आणि नाकाकडे वळला की सर्वांत कमी. म्हणजे ‘नाकाकडे, मग खाली’ या स्थितीत काम एकट्या सुपीरिअर ऑब्लिकवर येतं. तोंडी परीक्षेत मुलं अडकतात ती ‘स्नायूचं काम’ आणि ‘स्नायू तपासण्याची दिशा’ एकच समजल्यामुळे. चौथी नस दुबळी झालेला रुग्ण तक्रार काय करतो? जिना उतरताना पायरी एकावर एक अशी दोन दिसते, वाचताना ओळी दोन होतात.

विच्छेदनात ही नस हमखास तुटते. खोबणीचं छत काढल्यावर मधोमध जाड दिसते ती फ्रंटल नस. चौथी तिच्या आतल्या अंगाला, दोऱ्याएवढी, सुपीरिअर ऑब्लिकच्या वरच्या कडेत शिरताना दिसते. चरबी चिमट्यानं ओढू नका, दोन बोथट टोकांनी बाजूला सारा.

प्रश्न : दहावीच्या मुलांना बोकडाचा डोळा कापून दाखवायचा आहे. मागच्या वर्षी डोळा चेपला आणि काहीच दिसलं नाही. (विज्ञान शिक्षक, मिरज)

उत्तर : बहुधा सुरी बोथट असणार, किंवा कापायला सुरुवात पारपटलापासून (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यापासून) केली असेल. डोळा त्याच सकाळचा आणा, मागे नसेचा तुकडा ठेवून काढायला सांगा. बर्फावर चालेल, फ्रीझरमध्ये नको. गोठला की भिंग पांढुरकं होतं.

आधी कात्रीनं चरबी आणि स्नायू साफ करा. मागे पांढरी, घट्ट दृष्टिचेता, म्हणजे डोळ्याची नस, दिसेल. ती बरोब्बर मध्यावर नसते, हे मुलांना दाखवाच. मग पारपटल आणि नस यांच्या मधोमध नव्या ब्लेडच्या टोकानं छोटं भोक पाडा आणि तिथून कात्रीनं गोल कापत जा. श्वेतपटल (डोळ्याचं पांढरं कवच) चिवट असतं, दाबून कापलं की आतला जेलीसारखा द्रव उडतो; हातमोजे आणि चष्मा हवाच. भिंग छापील अक्षरांवर ठेवलं की अक्षरं मोठी दिसतात, मुलं तिथून हलत नाहीत. मागच्या अर्ध्यात दृष्टिपटल (प्रतिमा पडते तो आतला पडदा) ओल्या टिश्यू पेपरसारखं सुटून येतं, पण नसेपाशी चिकटून राहतं. तोच अंधबिंदू, तिथे दिसत नाही.

वहीत मात्र तीन गोष्टी माणसाच्या म्हणून काढू देऊ नका: आडवी बाहुली, मागचा निळा-हिरवा चमकता पडदा आणि पीतबिंदू (दृष्टिपटलावरची सर्वांत स्पष्ट दिसण्याची जागा) नसणं. माणसाची बाहुली गोल, चमकता पडदा नाही, पीतबिंदू आहे. ज्यांना किळस येते त्यांना जबरदस्ती नको.

प्रश्न : वय ६१, मधुमेह. अचानक शेजारी-शेजारी दोन दोन दिसू लागलं. सहावी नस दुबळी झाली, तीन महिन्यांत सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले. खरंच?

उत्तर : मधुमेहात नसेच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडून असं होतं, आणि बहुतेकांचं साधारण तेवढ्याच काळात बरं होतं. तोवर साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवा, एका डोळ्यावर पट्टी लावा, गाडी चालवू नका. एक डोळा झाकून बघा: कोणताही झाकला तरी दुसरी प्रतिमा जात असेल तर दोष डोळे जुळण्यात आहे. एकाच डोळ्यानं दोन दिसत असेल तर भिंग किंवा पारपटल तपासावं लागेल.

पापणी पडली आणि त्याच डोळ्याची बाहुली मोठी झाली तर मात्र तासाभराचाही उशीर नको. ते तिसऱ्या नसेचं लक्षण. बाहुली लहान करणारे तंतू या नसेच्या वरच्या थरात असतात. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा बाहेरून दाबतो तेव्हा आधी तेच सापडतात. मधुमेहाचा मार नसेच्या गाभ्यावर बसतो, म्हणून त्यात बाहुली सहसा वाचते. त्या वेळी डोळ्यांच्या ओपीडीत नंबर लावत बसू नका, स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा.