वडिलांची दुनळी बंदूक मला लांब पडते, दस्ता (खांद्याला टेकवायचा लाकडी भाग) एक इंच कापून घेऊ का?

भाऊ, लगेच कापू नका. तुम्ही लिहिलंय की वडील सहा फुटी होते, तुम्ही पाच फूट पाच. रावेरकडच्या मळ्याच्या राखणीसाठी असलेली बाराबोर दुनळी रीतसर तुमच्या नावावर झाली. आता झाडली की उजवा गाल सुजतो, छर्रे निशाणाच्या खाली जातात, आणि जाणत्या माणसांनी दस्ता कोपराच्या वळणात टेकवून 'एक इंच जास्त आहे' असं सांगितलं. दस्ता तुम्हाला थोडा लांब असेलही. पण गाल सुजतो तो नुसत्या लांबीनं नाही, आणि एक इंच तर मला फारच वाटतो.

कोपराची रीत आपल्याकडे सगळे वापरतात, पण तिच्यात फक्त कोपरापासून बोटापर्यंतचा हात मोजला जातो. मान किती लांब, खांदे किती रुंद, छाती किती भरलेली, तुम्ही उभे कसे राहता, यातलं काहीच त्यात येत नाही. एकाच उंचीच्या दोन भावांना अर्ध्या इंचाच्या फरकाचे दस्ते लागू शकतात.

आधी आहे ती लांबी मोजा. पुढच्या चापाच्या मध्यापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंत. दोन चापांच्या बंदुकीत मोजमाप पुढच्या चापापासूनच घेतात, कारण मागचा चाप साधारण इंचभर मागे असतो. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक बंदुका १४ ते १४½ इंचांच्या असतात. तुमची याहून लांब निघाली, तर वडिलांच्या मापानं कुणीतरी ती वाढवून घेतलेली असणार. मग मागचा रबरी तुकडा किंवा लाकडाची चकती काढूनच काम भागेल.

आता खरी तपासणी. बंदूक उघडा, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. समोर भिंतीवर एक खूण करा, तिच्याकडे बघा, डोळे मिटा आणि नेहमीच्या सवयीनं बंदूक खांद्याला लावून गाल दस्त्यावर टेकवा. मग डोळे उघडा. मिटलेल्या डोळ्यांनी लावायची ती यासाठी, की उघड्या डोळ्यांनी माणूस नकळत मान वाकवून बंदुकीशी जुळवून घेतो आणि दोष लपतो. आता दोन गोष्टी बघा. अंगठ्याचं मूळ आणि नाक यांच्यात दोन बोटांचं अंतर हवं. तीन-चार बोटं असेल तर दस्ता लांब आहे, अंगठा नाकाला टेकत असेल तर आखूड. दुसरी गोष्ट म्हणजे डोळ्याला काय दिसतं. नळ्यांमधली पट्टी अगदी थोडी दिसावी आणि टोकाची माशी, म्हणजे नेमाचा बारीक मणी, तिच्या बरोबर मध्ये बसावी. नळ्यांचा मागचा भागच डोळ्यासमोर येऊन माशी झाकली जात असेल, तर डोळा खाली बसलाय.

तुमची तक्रार इथेच आहे असं मला वाटतं. दुनळीला मागची माशी नसते, तिचं काम तुमचा डोळा करतो. तो खाली गेला की मार खाली जातो. दस्त्याची वरची धार बहुतेक जुन्या बंदुकांत मागे उतरती असते. दस्ता लांब पडला की गाल त्या उताराच्या मागच्या, खोल भागावर टेकतो. मग माशी दिसावी म्हणून माणूस डोकं किंचित उचलतो, गाल आणि लाकूड यांच्यात फट पडते, आणि झाडल्यावर दस्ता त्या फटीतून गालावर आदळतो. गाल घट्ट टेकलेला असता तर तोच धक्का नुसता ढकलल्यासारखा लागला असता.

म्हणून लांबीच्या आधी उंची लावून बघा, आणि ती परत काढता येईल अशी. वहीच्या पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या कापा, गाल टेकतो त्या जागी एकावर एक ठेवा आणि वरून चिकटपट्टी गुंडाळा. एक पट्टी चढवा, डोळे मिटून तपासा, मग दुसरी. फरक किती पडतो ते भूमितीनंच कळतं: डोळा १/१६ इंच, म्हणजे दीड मिलिमीटरभर, वर आला की १६ यार्डांवर मार सुमारे एक इंच वर येतो, ४० यार्डांवर अडीच इंच. दोन पट्ट्यांनी निशाण बदलतं ते यामुळे.

आता कापण्याचं. आमच्या चोपड्याकडच्या नात्यातल्या एकानं गावच्या सुताराकडून सरळ इंचभर कापून घेतला. गाल पुढे, धारेच्या उंच भागावर सरकला आणि मार वर जायला लागला. शिवाय सुतारानं काटकोनात कापला. दस्त्याचं मागचं टोक किंचित तिरकं असतं, म्हणून तर ते छातीवर वरपासून खालपर्यंत सारखं बसतं. तो तिरकेपणा गेला आणि खालचं टोक छातीत रुतायला लागलं. वर थंडीत स्वेटरवर बरी वाटणारी बंदूक उन्हाळ्यात बनियनवर अंगठा ओठावर मारायला लागली, कारण आता ती सगळ्याच बाजूंनी चुकीची झाली होती.

कपड्यांचं मात्र उलटंही होतं. खान्देशात मे महिन्यात ४५ अंशांवर सदरा अंगावर नकोसा होतो आणि डिसेंबरच्या रात्री हरभऱ्यात स्वेटरवर जर्किन चढवून बसावं लागतं. जाड कपड्यांत लांब दस्ता बगलेत अडकतो आणि खांद्याऐवजी दंडावर जाऊन बसतो. बंदूक जास्त वापरता त्या दिवसांचे कपडे घालूनच माप घ्या. मी थंडीचं माप धरतो आणि उन्हाळ्यात मागे चढवायचा रबरी जोड वापरतो.

पुठ्ठ्यानं उंची जमल्यावरही दोन बोटांहून जास्त अंतर राहिलं, तरच कापा, आणि एका वेळी पाव इंच. हे काम परवाना असलेल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडेच द्या. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती परवान्याशिवाय करता येत नाही, त्यामुळे सुताराचा कितीही हातखंडा असला तरी अडचणीत तोही येईल आणि तुम्हीही. दस्ता किंचित उजवीकडे झुकवणं, अक्रोडाचं लाकूड गरम तेलानं मऊ करून वाकवणं, हीसुद्धा त्याचीच कामं. चेहरा रुंद असेल आणि माशी डावीकडे दिसत असेल, तर त्याला तेवढं सांगा.

शेवटची खात्री मात्र रेंजवरच होते. १६ यार्डांवर मोठा कागद, मध्ये ठळक ठिपका, आणि नेम न रेंगाळवता खांद्याला लावली की झाड. कागदावरच्या झुबक्यांचा मध्य कुठे पडतो ते बघा. रानडुकरावर बंदूक चालवायला वन खात्याची वेगळी परवानगी लागते, शेतात तपासणीच्या नावाखाली ते करू नका.

दुरुस्तीवाल्याकडे जाल तेव्हा नळीच्या काडतूस-घराची लांबीही मोजून घ्या. जुन्या विलायती दुनळ्यांत बऱ्याचदा ती अडीच इंच, म्हणजे साधारण ६५ मिलिमीटर असते आणि आज बाजारात सर्रास मिळणारं काडतूस ७० मिलिमीटरचं असतं. आखूड घरात ते बसतं, पण फुटल्यावर त्याचं तोंड पूर्ण उघडायला जागा उरत नाही, आतला दाब वाढतो आणि धक्काही. तसं निघालं तर त्या मापाची काडतुसं मिळेपर्यंत बंदूक झाडू नका.