डीएमएलटी करावं का? मशीनच सगळं करतं म्हणे

तुझा प्रश्न असा आहे: बारावी सायन्स झाली, डीएमएलटीला (मेडिकल लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला) ॲडमिशन मिळतेय, पण मामा म्हणतात की हल्ली सगळं मशीनच करतं, टेक्निशियन फक्त बटण दाबतो, तर मुंबईत या लाइनला काही भविष्य आहे का? वयाने लहान दिसतोस म्हणून अरे-तुरे करते. मामांना वाचून दाखव.

बावीस वर्षं लॅबच्या बेंचवर आहे. हे 'बटण' मी सासरीही ऐकलंय आणि कामावरही. कामावरचं जास्त लागलं.

मध्य मुंबईतलं एक खासगी हॉस्पिटल. जुलै महिना, नाइट ड्युटी, मी एकटी. रात्री दोनच्या सुमारास चौथ्या मजल्यावरून एका आजींचं सॅम्पल आलं. मशीनने पोटॅशियम दिलं 9.1. आता 9.1 म्हणजे हृदय कधीही थांबेल असा आकडा. पण सोडियम छान, क्रिएटिनिन 0.9 म्हणजे किडनी ठीक, आणि कॅल्शियम 4.2, फारच कमी. नुसतं पोटॅशियम वाढलं असतं तर सॅम्पल हिमोलाइज झालं, म्हणजे लाल पेशी फुटल्या, म्हटलं असतं, पण सिरम स्वच्छ, फिकट पिवळं. बल्ब, म्हणजे रक्ताची नळी, बुडापासून बुचापर्यंत उजेडात धरून पाहिला. लालसर झाक नाही. म्हटलं, अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम लावून बघू. जवळपास शून्य.

झालं काय असणार ते तेव्हाच कळलं. प्लेन (औषध नसलेल्या) बल्बात रक्त कमी पडलं आणि कुणीतरी जांभळ्या बुचाच्या बल्बातलं थोडं त्यात ओतलं. जांभळ्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीएचं पोटॅशियम सॉल्ट असतं. ते पोटॅशियम वाढवतं आणि कॅल्शियम बांधून टाकतं. फॉस्फटेजला लागणारं झिंक-मॅग्नेशियमही तेच पळवतं. तिन्ही आकडे एकाच दिशेने बोट दाखवत होते.

वॉर्डात फोन केला. ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं की आकडा 9.1 आहे, पण सॅम्पल गडबड आहे, रिपीट पाठवा. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही आकडा द्या, अर्थ आम्ही लावतो." मागे सिस्टरना पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन काढायला सांगितल्याचं ऐकू आलं. म्हटलं, ईसीजी तरी बघा, मी येतेच. लिफ्ट बंद. चार मजले चढून गेले, आजींच्या दुसऱ्या हातातून स्वतः रक्त काढलं, आधी प्लेन, मग जांभळा. आजी झोपेतच म्हणाल्या, "परत का गं बाई?" रक्त गोठून सिरम सुटेपर्यंत थांबले. पोटॅशियम 4.3. कॅल्शियम 9.2.

सकाळी शाबासकी नको होती, निदान चहा तरी. मिळाला मेमो. क्रिटिकल व्हॅल्यू, म्हणजे जिवावर बेतणारा आकडा, अर्ध्या तासात कळवायची असते, सिस्टिममध्ये रिपोर्ट सव्वा तासाने गेला. डॉक्टर म्हणाले, मला कुणी आकडा सांगितलाच नाही. आणि मी फोनची वेळ, कुणाशी बोलले ते रजिस्टरमध्ये लिहिलंच नव्हतं, धावत सुटले होते. आमचे इनचार्ज म्हणाले, "विचार करणं तुमचं काम नाही, रन करणं आहे." तो मेमो अजून फाइलमध्ये आहे. इनचार्जना मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आज देते: मशीनने त्या रात्री एक चूक केली नाही. बल्बात जे होतं ते बरोबर मोजलं.

पावसाळ्यात डेंग्यूचा सीझन असतो तेव्हाही हेच. मशीन प्लेटलेट 22,000 दाखवतं, घरचे रक्तपेढीत धावायच्या तयारीत. स्लाइड लावून मायक्रोस्कोपखाली कडेला बघितलं तर प्लेटलेटचे पुंजके, मशीनला ते सुटे मोजता येत नाहीत. सायट्रेटच्या निळ्या बल्बात पुन्हा घेतलं, त्यातल्या द्रवाने रक्त पातळ होतं म्हणून 1.1 ने गुणलं की दीड लाख. बटण कुणी दाबलं?

तर भविष्य. काम भरपूर, इज्जत कमी, पगार छोट्या लॅबमध्ये लाज वाटावी इतका. मी 2003 साली 3,500 वर लागले होते, हातात त्याहून कमी. महापालिकेच्या जागा निघतात तेव्हा अर्ज सोडू नकोस. जमलं तर डीएमएलटीवर थांबू नकोस, बीएस्सी एमएलटी कर. स्वतःची लॅब टाकून स्वतःच रिपोर्टवर सही करायचं स्वप्न असेल तर ते विसर. डिसेंबर 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की सही पदव्युत्तर पॅथॉलॉजिस्टचीच हवी. आमच्यातले बरेच जण यावर चिडतात. मला ते बरोबर वाटतं. सही त्यांची, पण सॅम्पल नाकारायचा हक्क आमचा, एवढंच माझं म्हणणं.

फी भरण्याआधी कोर्सला मान्यता आहे का आणि महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होईल का ते बघ. गल्लोगल्ली क्लासवाले बसलेत.

सगळे डॉक्टर तसे नसतात, हेही लिहायला हवं. त्याच हॉस्पिटलातल्या एक फिजिशियन मॅडम शंका आली की स्वतः लॅबमध्ये उतरायच्या, स्लाइड बघायच्या. आणि दुसऱ्यांदा रक्त काढायला मी स्वतः वर गेले ते नियमात बसत नव्हतं, लॅब मोकळी सोडली होती. ती चूक माझीच.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस पहिल्याच वर्षी स्वतःच्या पैशाने घेऊन टाक, नोकरी लागल्यावर हॉस्पिटल देईल म्हणून थांबू नकोस, आणि नंतर टायटर (रक्तात अँटिबॉडी किती तयार झाल्या ते) तपास. बाकी एक साधी वही कायम खिशात ठेव: फोनची वेळ, आकडा, पलीकडच्याचं नाव, आणि त्याने आकडा परत म्हणून दाखवला का. माझी त्या दिवसापासूनची अकरावी वही चालू आहे.