डिकीला गॅस स्ट्रट: आधी जागा, मग न्यूटन

तुमच्या १९६९ च्या फियाट डिलाइटच्या डिकीचा मूळ आधार कधीच गेलाय, झाकण लाकडी दांड्यावर उभं राहतं, परवा तो दांडा सरकला आणि झाकण तुमच्या बाबांच्या मनगटावर आलं. म्हणून कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन गॅस स्ट्रटची, म्हणजे दाबलेल्या वायूच्या जोरावर झाकण उचलून धरणाऱ्या नळकांड्यांची जोडी आणायची आहे आणि किती न्यूटनची (न्यूटन हे जोराचं माप) आणावी, असं तुम्ही विचारलंय. काकांचं मनगट कसं आहे आता? स्ट्रट बसेपर्यंत तो दांडा अजिबात वापरू नका. एकाने झाकण धरावं, दुसऱ्याने सामान काढावं.

न्यूटनचा आकडा शेवटी येतो. माझ्या १९७८ च्या पद्मिनीला मी हे काम दोनदा केलंय, कारण पहिल्यांदा मी आकड्यापासूनच सुरुवात केली होती. जास्त जोर म्हणजे जास्त टिकाऊ असं समजून एका हॅचबॅकच्या मागच्या दाराची ४०० न्यूटनची जोडी आणली. तसलं दार काचेसकट असतं, आपल्या झाकणापेक्षा कितीतरी जड. झाकण फार छान उघडायचं. पण दोन महिन्यांत बिजागरीकडचे कोपरे पत्र्याच्या रेषेपेक्षा वर आले, रबर तिथे टेकेनासं झालं आणि जुलैत डिकीत पाणी साचलं. कारण सरळ आहे. बंद डिकीत कुलूप झाकणाचं खालचं टोक धरून ठेवतं आणि स्ट्रट बिजागरीजवळून वर ढकलत राहतो, दिवसरात्र. मधला पत्रा वाकतो. पन्नास वर्षांच्या झाकणाची आतली चौकट गंजाने आधीच पातळ झालेली असते, ती हे सोसत नाही.

म्हणून जागा महत्त्वाची. स्ट्रटची दोन टोकं जोडणारी एक रेघ मनात ओढा. बिजागरीच्या खिळीपासून त्या रेघेचं काटकोनातलं अंतर जितकं जास्त, तितका झाकणाला उचलणारा जोर जास्त. झाकण बंद असताना ही रेघ खिळीच्या अगदी जवळून जायला हवी, म्हणजे कुलपावर आणि पत्र्यावर ताण जवळजवळ राहत नाही. झाकण वर जाईल तसं ते अंतर वाढत जावं. हे साधलं तर पहिली वीतभर उचल हाताने करावी लागते, पुढे झाकण स्वतः जातं. ती वीतभर उचल राहू द्या, ती काढायला जाऊ नका.

जागा शोधायला गणित लागत नाही. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या एकमेकींवर सरकतील अशा धरा, एक टोक झाकणाच्या आतल्या चौकटीवर, दुसरं डिकीच्या तोंडाभोवतीच्या पन्हळीच्या बाजूच्या पत्र्यावर चिकटपट्टीने लावा. झाकण हळूहळू वर-खाली करा, बंद आणि पूर्ण उघड्या स्थितीतली लांबी लिहा. या दोन लांब्यांतला फरक म्हणजे तुमचा स्ट्रोक. तो उघड्या लांबीच्या निम्म्याहून बराच कमी असायला हवा, नाहीतर तसा स्ट्रट मिळणारच नाही. आणि झाकण बंद झाल्यावर स्ट्रटच्या नळकांड्यात आत-बाहेर सरकणाऱ्या दांडीची दहाएक मिलिमीटर चाल शिल्लक राहू द्या. स्ट्रट आत पूर्ण दाबला जाऊन झाकण त्यावर अडलं तर काहीतरी तुटणारच.

आता जोर. प्रवासाची बॅग मोजायचा लटकता काटा घ्या. झाकण हवं तितकं उघडून त्याच्या टोकाला काटा अडकवा आणि सरळ वर ओढून झाकण त्यावर तोलून धरा. समजा काटा ६ किलो दाखवतो आणि बिजागरीपासून टोकापर्यंतचं आडवं अंतर ५० सेंटिमीटर आहे. ६ किलो म्हणजे ढोबळ ६० न्यूटन, गुणिले अर्धा मीटर, म्हणजे ३०. त्या स्थितीत स्ट्रटच्या रेघेचं खिळीपासून अंतर १० सेंटिमीटर असेल तर ३० भागिले ०.१, एकूण ३०० न्यूटन, दोघांत वाटून १५०. त्यावर पाचवा हिस्सा वाढवा: १८०. माझे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुम्ही स्वतः मोजा. एकच स्ट्रट लावून भागवू नका, झाकण पिळवटतं.

हा पाचवा हिस्सा का, आणि त्याहून जास्त का नको? स्ट्रटमध्ये नायट्रोजन दाबून भरलेला असतो आणि वर छापलेला जोर २० अंशांचा असतो. दर तीन अंशांमागे तो साधारण एक टक्का बदलतो. मेमध्ये उन्हात उभ्या गाडीची डिकी ५० अंशांवर गेली की १८० चे जवळपास २०० होतात. शिवाय काही वर्षांत थोडा वायू झिरपतोच. 'हायड्रॉलिक' पलंगाचे स्ट्रट कोणी स्वस्तात देऊ केले तर घेऊ नका, ते हजार न्यूटनच्या घरातले असतात.

डिकी बंद असताना दांडीचं तोंड खाली आणि नळकांडं वर राहील असं बसवा. आतलं थोडं तेल मग सीलवर राहतं, सील सुकत नाही. दांडीवर पक्कड लावू नका, एक ओरखडा सील फाडायला पुरतो. खारी हवा आहे आपल्याकडे, महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. संपलेला स्ट्रट कापू किंवा तापवू नका, आत दाब असतोच.

पत्र्याचं काम मात्र ओळखीच्या डेंटिंगवाल्याकडूनच करून घ्या. स्ट्रटचं टोक ज्या गोल डोक्याच्या बोल्टवर बसतं त्या बॉल स्टडमागे आतून २ मिलिमीटरची पट्टी हवी, नाहीतर स्टड पत्रा फाडून बाहेर येईल. ड्रिलच्या टोकाला टेप गुंडाळून खोली ठरवा, म्हणजे बाहेरच्या रंगापर्यंत भोक जाणार नाही. भोकाच्या कडांना लगेच प्रायमर. वेल्डिंग नको, कापाकापी नको. २०२१ च्या केंद्रीय नियमात पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते ती गाडी मूळ रूपात असेल तरच, आणि बॉडीतले फेरफार त्यात स्पष्ट धरलेले आहेत. तुमची गाडी त्या वयाची आहे. जमलं तर जुन्या आधाराच्याच भोकांना ब्रॅकेट बसवा, म्हणजे उद्या मूळ सुटा भाग मिळाला की चार बोल्ट काढून परत जाता येईल.

पहिल्यांदा बंद करताना झाकण आपटू नका, हाताने हळू खाली आणा. कुठेही अडखळलं तर थांबा. बंद झाल्यावर कागदाची पट्टी रबराखाली चारही बाजूंनी धरून ओढून पाहा, बिजागरीकडच्या दोन कोपऱ्यांत विशेषकरून. तिथे ती सैल निघाली तर खालचा स्टड बोटभर सरकवून रेघ खिळीच्या आणखी जवळ आणा.

मापं घेतलीत की बंद आणि उघड्या दोन्ही लांब्या, काट्याचा आकडा आणि खिळीपासूनची अंतरं इथेच टाका. खरेदीला जाण्याआधी मी आकडेमोड तपासून देतो.