सिलिंडरचा काटा

कराड, शनिवार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

"काका, ईएमटीचा (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे ॲम्ब्युलन्समध्ये पेशंट सांभाळणारा) कोर्स करू का, आणि त्यात स्कोप आहे का?" एवढंच विचारलंस. फोनवर दोन मिनिटांत सांगून मोकळा झालो असतो. पण तुझे वडील ॲम्ब्युलन्सच्या स्टिअरिंगवर आणि मी मागे पेशंटजवळ अशी नऊ वर्षं आम्ही काढलीत, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी नोकरीचं. आपल्याकडे १०८ ची ॲम्ब्युलन्स सेवा २०१४ साली सुरू झाली तेव्हा गाडीवर डॉक्टर ठेवायचं ठरलं. शेजारी कर्नाटकात त्याच नंबरच्या गाडीवर ईएमटी असतो. तेव्हा 'कोर्स झाला की थेट १०८ वर' असं कुणी क्लासवाला म्हणाला तर त्याला तिथंच अडव. तुला काम मिळेल ते बहुतेक कॅज्युअल्टीत (हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात), नाहीतर हृदयाच्या पेशंटसाठीच्या खासगी कार्डियाक ॲम्ब्युलन्सवर. वाईट नाही ते. २०२१ च्या केंद्राच्या कायद्यात पॅरामेडिकचा व्यवसाय आला आहे, त्यामुळे हे सर्टिफिकेट नोंदणीला चालेल का, हे फी भरायच्या आधी विचार. इमारत आणि एसी बघून भुलू नकोस. कॅज्युअल्टीत रात्रपाळ्या किती आणि गाडीवर दिवस किती, एवढं विचार. उत्तर द्यायला अडखळले की चहा पिऊन परत ये.

आता माझी एक चूक सांगतो. तुझ्या वडिलांनी घरी सांगितली नसेल, ते तसे भले आहेत.

पावसाळ्यात कोयनानगरकडून एक म्हातारी आणायची होती. छातीत पाणी झालेलं, ओठ निळे, बसल्याशिवाय श्वास घेता येईना. निघताना आधीच्या पाळीवाला म्हणाला, "सिलिंडर भरलाय." मी मान डोलावली. चावी फिरवून काटा बघायला दहा सेकंद लागतात, तेवढेही मी काढले नाहीत. ऑक्सिजनचा मास्क लावला, मिनिटाला दहा लिटरवर ठेवला. पाटण जवळ आलं आणि फ्लोमीटरमधली (ऑक्सिजन किती वाहतोय ते दाखवणाऱ्या नळीतली) गोळी हळूहळू खाली बसायला लागली. म्हातारीचा मुलगा त्या गोळीकडेच बघत होता. त्याला काही कळत नव्हतं, पण माझं तोंड बघून सगळं कळलं. तुझ्या वडिलांनी न विचारता गाडी पाटणच्या सरकारी दवाखान्यात वळवली, तिथून भरलेला सिलिंडर मिळाला. म्हातारी वाचली. त्यात माझी हुशारी काही नव्हती.

तेव्हापासून मी हिशोब तोंडपाठ ठेवतो, तूही ठेव. बी टाइपचा भरलेला सिलिंडर म्हणजे साधारण १५०० लिटर. काटा निम्म्यावर असेल तर ७५०. मिनिटाला दहाने सोडलास तर सव्वा तास. आणि कोयनानगर ते कराड, पावसात, मध्ये उसाची ट्रॉली आडवी आली तर? दीड तास धर. सव्वा तासाचा ऑक्सिजन आणि दीड तासाची वाट, हे गणित घाटात नाही, निघायच्या आधी सुटलं पाहिजे. घशातली घाण ओढणारं सक्शन ओढतंय का, साखर मोजायच्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची तारीख उलटली का, हाताने दाबून श्वास द्यायच्या अंबू बॅगचा मास्क फाटलाय का, हे सगळं त्याच वेळी. कोर्समध्ये हा भाग एका तासात उरकतात. तू रोज कर.

ग्लुकोमीटरवरून आठवलं. रस्त्याकडेला कुणी बरळत पडलेला दिसला की लोक आधीच ठरवून टाकतात, 'प्यालाय.' ठरवू देत. तू बोटाला सुई टोच. एकदा साखर ३४ निघाली होती, धोक्याइतकी कमी. दारूचा थेंब नाही, सकाळी इन्सुलिन घेऊन बिनजेवता शेतावर गेलेला माणूस.

हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायचं तुला पुतळ्यावर शिकवतील: मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. तू अंगाने बारीक आहेस म्हणून घाबरू नकोस. कोपर सरळ, खांदे बरोबर हातांच्या वर, वजन कमरेतून. दर दोन मिनिटांनी माणूस बदल. थकलेला माणूस वरवर दाबतो आणि त्याला स्वतःला ते समजत नाही.

एक सवय आत्तापासून लाव: वेळ लिहायची. ऊसतोडीच्या दिवसांत सर्पदंश येतील. पाय हलू न देता आणायचं, करकचून दोरी बांधली असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, हे पुस्तकात आहेच. पण कॅज्युअल्टीतले डॉक्टर तुला विचारतील: किती वाजता चावला? पापण्या जड कधीपासून झाल्या? हिरड्यांतून रक्त? नातेवाईक 'मघाशी' म्हणतात, आणि त्या 'मघाशी'त चार तास मावतात. मी मांडीवर पांढरी चिकटपट्टी लावतो आणि पेनाने लिहीत जातो: ६.४० चावला, ७.२५ पापण्या. चालत्या गाडीत कागद उडतो, पट्टी उडत नाही.

रात्रपाळीला तुझी आई नको म्हणेल. तिच्याशी मी बोलणार नाही, ते तुझ्या वडिलांचं काम.

पुढच्या रविवारी ये. जुनं बीपीचं मशीन काढून ठेवलंय, कफचा वेल्क्रो सैल झालाय पण रीडिंग बरोबर देतं. येताना सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ हातात घालून ये. एक हात पेशंटच्या मनगटावर आणि दुसरा गाडीच्या दांड्याला असताना मोबाईल काढता येत नाही.

तुझा,
काका